अनुकरण, अनुभव आणि निर्गुण : कुमार गंधर्वांच्या गाण्यातील एक तात्त्विक प्रश्न

कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांच्या सांगीतिक जीवनाचे तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात ते थोरांचे गाणे हुबेहूब गाणारे बालगायक होते. दुसऱ्यात क्षयामुळे त्यांचे गाणे काही वर्षे बंद पडले. तिसऱ्यात लोकधुना, स्वरचित बंदिशी, नवे राग आणि निर्गुणी भजने यांतून त्यांची स्वतःची गायकी उभी राहिली. या तीन टप्प्यांमागे एक प्रश्न सलग दिसतो. गाणे कोणाचे असते? ज्याच्याकडून ते आले त्याचे, जो गातो त्याचे, की शेवटी कोणाचेच नाही? भारतीय सौंदर्यविचाराने हा प्रश्न अनुकरणाच्या चर्चेत हाताळला, योगशास्त्राने सिद्धीच्या चर्चेत आणि संतपरंपरेने निर्गुणाच्या चर्चेत. या तिन्ही चर्चा एकाच गायकाच्या आयुष्यात एकत्र येतात, असे उदाहरण विरळा.

जन्मसिद्ध देणगी

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या गावी, लिंगायत कुटुंबात झाला. वडिलांना गाण्याचे वेड होते आणि घरात गाणे कानावर पडत होते. सहा-सात वर्षांचा असताना, कोणाकडे रीतसर बसून शिकण्याआधीच, हा मुलगा गाऊ लागला, आणि तेही मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिकांबरहुकूम. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, सवाई गंधर्व अशा एकमेकांपासून अगदी वेगळ्या गायकांचे गाणे तो जसेच्या तसे उभे करी. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि पुढे तेच नाव रूढ झाले. वडिलांनी त्याला घेऊन गावोगाव जलसे केले. लोक तिकीट काढून ऐकायला येत आणि थक्क होऊन परत जात.

ही नक्कल किती बारकाईची होती, हे त्या काळच्या तबकडीकडे पाहिले की उमगते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात गवई रागाचे रूप, बंदिशीचा मुखडा, चार आलाप आणि काही ताना असा सारा ऐवज दाटून भरीत असे. ऐकणाऱ्या मुलाने त्यातले स्वर उचलले तर ती हुशारी. पण वझेबुवांच्या आवाजाची धार, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्वराचा हळवा लगाव, शब्द उच्चारण्याची त्या त्या गवयाची ढब आणि श्वास घेण्याच्या जागा हे सारे एकाच कोवळ्या गळ्यातून निघत असेल, तर त्याला हुशारी म्हणून भागत नाही.

अशा देणगीचा उलगडा भारतीय परंपरेने पूर्वजन्मीच्या संस्कारांनी केला आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतील कैवल्यपाद सिद्धींच्या कारणांपासूनच सुरू होतो. सिद्धी जन्माने मिळते, औषधीने मिळते, मंत्राने, तपाने आणि समाधीने मिळते, असे तिथे म्हटले आहे. या पाचांत जन्म पहिला. काहींना काही गोष्टी न कमावता मिळतात, हे योगशास्त्राला मान्य आहे. मात्र त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या पादात एक इशारा आहे. बहिर्मुख चित्ताला ज्या सिद्धी वाटतात, त्याच समाधीच्या वाटेवर अडथळे ठरतात. ज्याला सहज जमते, त्याला शोधण्याची गरज पडत नाही. लोक वाहवा करतात, गाणाराही त्या वाहवेत रमतो आणि वाट तिथेच संपते.

बालगायकांच्या बाबतीत हा इशारा फार खरा आहे. लहानपणी गाजलेले कितीतरी गळे आवाज फुटल्यावर दिसेनासे झाले. कारणे आवाजाची असतात तशी मनाचीही असतात. दुसऱ्याचे गाणे ज्याला पूर्णपणे येते, त्याला आपल्याला स्वतःचे काही येत नाही, हे कळायला वेळ लागतो. कुमार गंधर्वांना ते वेळेवर कळले आणि त्यांनी ते मान्य केले. त्यांच्या पुढच्या साऱ्या वाटचालीचे मूळ या जाणिवेत आहे.

अनुकरणाचा वाद

कला म्हणजे अनुकरण का, यावर काश्मिरात नवव्या ते अकराव्या शतकांत मोठा वाद झाला. तो नाट्याविषयी होता, पण गाण्यालाही लागू पडतो. श्रीशंकुकाचे म्हणणे असे की, नट रामाच्या स्थायी भावाचे अनुकरण करतो आणि ते अनुकरण प्रेक्षकाला रस म्हणून जाणवते. त्याने चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. चित्रातला घोडा पाहून होणारी जाणीव खऱ्या घोड्याची नव्हे, खोट्याचीही नव्हे, संशयाची नव्हे आणि साम्याचीही नव्हे. ती या चारांहून वेगळी, कलेपुरती जाणीव आहे.

अभिनवगुप्तांचे गुरू भट्ट तौत यांनी हे मत खोडून काढले. त्यांचा आक्षेप साधा आणि मर्मावर बोट ठेवणारा आहे. ज्याचे अनुकरण करायचे, ते आधी पाहिलेले असावे लागते. रामाच्या मनातली प्रीती कोणी पाहिली आहे? नट वेश, हावभाव, बोलणे यांची नक्कल करील. पण भाव ही आतली गोष्ट आहे आणि बाहेरच्या वस्तूंनी आतल्या गोष्टीची नक्कल होत नाही. अभिनवगुप्तांनी हा धागा पुढे नेला. नाट्य हे अनुकरण नसून अनुकीर्तन आहे, असे त्यांनी भरतमुनींच्याच शब्दाचा आधार घेऊन मांडले. नट भावाची प्रत काढीत नाही. तो भाव पुन्हा जाणिवेत आणतो आणि त्या वेळी तो भाव रामाचाही राहत नाही, नटाचाही राहत नाही. ‘हे माझे’, ‘हे त्याचे’ ही कुंपणे गळून पडतात. याच अवस्थेला साधारणीकरण म्हणतात.

ध्वनिमुद्रिकेवरून गाणाऱ्या मुलाला ही कसोटी लावली तर चित्र स्पष्ट होते. त्याने मूळ गाणे ऐकलेले आहे. म्हणजे बाहेरचे जे काही आहे ते त्याच्यासमोर आहे आणि त्याची प्रत बिनचूक निघते. परंतु विरहाची ठुमरी गाणाऱ्या गवयाने ती ज्या अनुभवातून गायली, तो अनुभव आठ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आलेला नसतो. शंकुकाच्या भाषेत सांगायचे तर तो चित्रातला घोडा आहे, उत्तम रेखाटलेला. भट्ट तौतांच्या भाषेत सांगायचे तर गाणे अजून सुरूच झालेले नाही. दोन्ही मते एका गोष्टीवर जुळतात. स्वर हुबेहूब आला म्हणजे भाव आला, असे होत नाही.

देवधरांची शाळा

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास कुमार गंधर्व मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे आले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. गिरगावात ऑपेरा हाऊसजवळ त्यांची ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ ही संस्था होती. परंपरा ग्वाल्हेरची असली तरी देवधरांची वृत्ती मोकळी होती. निरनिराळ्या घराण्यांचे गवई त्यांच्याकडे येत, गात, बोलत. आवाजाच्या शास्त्रापासून बंदिशींच्या संग्रहापर्यंत सगळ्यांत त्यांना रस होता. १९३६ मध्ये मुंबईच्या जीना हॉलमधील संगीत परिषदेत कुमार गंधर्व गायले आणि बारा वर्षांच्या या मुलाची जाणकारांत एकच चर्चा झाली.

देवधरांनी या मुलाला कोणत्याही एका घराण्याच्या साच्यात घातले नाही. जे त्याला आपोआप येत होते, ते का येते, रागात त्याची जागा कोणती, बंदिशीत एखादी जागा तशीच का घ्यायची, असे प्रश्न त्याला पडतील अशी शिकवणी त्यांनी दिली. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही कुमार गंधर्व शिकले. भेंडीबाजार घराण्याच्या या गायिकेने जाहीर मैफली सोडून बराच काळ लोटला होता. स्वर कसा लावायचा आणि तो तंबोऱ्यात कसा मिळवायचा, याचे बारकावे त्यांच्याकडे होते.

तंबोऱ्याचा कुमार गंधर्वांच्या गाण्याशी असलेला संबंध थोडा खोलात जाऊन पाहण्याजोगा आहे. मैफलीआधी ते तंबोरे मिळवण्यात पुष्कळ वेळ घालवीत. तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची किंवा रागाप्रमाणे मध्यमाची वा निषादाची, मधली षड्जाची जोडी आणि शेवटचा खर्ज. घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवत नेला की एका ठरावीक जागी तार खुलते. यालाच जवारी लागणे म्हणतात. जवारी नीट लागली आणि चारही तारा खऱ्या मिळाल्या की खर्जाच्या नादातून गंधार ऐकू येऊ लागतो. तो कोणत्याही तारेवर मिळवलेला नसतो आणि कोणी छेडलेलाही नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्याचे कारण भौतिक आहे. प्रत्येक तारेच्या नादात मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर असतातच आणि मूळ स्वर पहिला धरला तर पाचवा गंधाराचा पडतो. तरीही गाणाऱ्याच्या दृष्टीने यात एक धडा आहे. काही स्वर काढावे लागत नाहीत. जागा शुद्ध केली की ते आपणहून येतात.

देवास : सक्तीचे मौन

१९४७ मध्ये कुमार गंधर्वांचा विवाह भानुमती कंस यांच्याशी झाला. त्याही देवधरांच्या शाळेतल्याच. त्याच सुमारास त्यांना क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी माळव्यात जावे, असा सल्ला मिळाला आणि ३० जानेवारी १९४८ रोजी, महात्मा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, हे दांपत्य देवासला पोहोचले. देवास हे पवार या मराठी राजघराण्याच्या दोन पात्यांचे संस्थान. तिथे मराठी बोलणारी वस्ती होती, रजब अली खाँसाहेबांसारखे बुजुर्ग गवई होते आणि गाण्याची कदर होती. भानुमतींनी शाळेत नोकरी धरून घर चालवले आणि रुग्णाची शुश्रूषा केली. डॉक्टरांनी गाण्याला सक्त मनाई केली होती. एका फुप्फुसाची मोठी हानी झाली होती. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे नवे औषध हाती आले, तेव्हा प्रकृती सुधारत गेली आणि १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले.

शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात नादाची उत्पत्ती प्राण आणि अग्नी यांच्या संयोगातून सांगितली आहे. हा ग्रंथ तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादव सिंघण राजाच्या आश्रयाने लिहिला गेला. त्याच्या मते आत्म्याला बोलावेसे वाटते, तो मनाला प्रेरणा देतो, मन देहातल्या अग्नीला जागे करते, अग्नी वायूला चालना देतो आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मस्तक, मुख असा वर चढत नाद होतो. या उपपत्तीप्रमाणे पाहिले तर क्षयाने घाव घातला तो वायूवर, म्हणजे प्राणावर. मूळची इच्छा शाबूत राहिली आणि तिला बाहेर पडायला वाट उरली नाही. बालपणी अगदी उलट होते. तेव्हा वाट मोकळी होती आणि आतली इच्छा स्वतःची नव्हती.

म्हणूनच या वर्षांना तपाचा अर्थ आहे. योगसूत्रांतील पाच कारणांपैकी जन्माने जे मिळाले होते, ते काढून घेतले गेले होते. आजारपण हे तप नव्हे; ते कोणी निवडत नाही, आणि दुःखाला आपोआप मोठेपण येत नाही. त्याच काळात त्याच रोगाने कितीतरी माणसे काही न घडता मरण पावली. परंतु सक्तीने आलेल्या मौनात कुमार गंधर्वांनी जे केले, ते त्यांचे स्वतःचे होते. त्यांनी ऐकले. लहानपणी त्यांनी ऐकले होते ते गाण्यासाठी, लगेच परत करण्यासाठी. आता परत करण्याची सोय नव्हती. ऐकलेले आत साठत गेले, त्यावर विचार होत गेला आणि प्रत निघण्याऐवजी त्याचे मूळ शोधले गेले.

धुनेपासून रागाकडे

खाटेवरून ऐकू येत होते ते माळव्याचे लोकगीत. लग्नकार्यात, सणावारांत, पाळण्यापाशी, ऋतू पालटताना बायका गातात ती गाणी. दारावर येणाऱ्या जोग्यांची आणि फिरस्त्यांची भजने. भानुमतींच्या मदतीने ही गीते गोळा झाली, त्यांचे शब्द आणि स्वर टिपून ठेवले गेले. या गाण्यांत स्वर थोडे असतात, कित्येकदा चार-पाचच. चाल लहान असते आणि पुन्हा पुन्हा तीच येते. गाणाऱ्या बाईला राग ठाऊक नसतो. तरीही त्या चार स्वरांत एक पक्के रूप असते, जे दुसऱ्या कशात मिसळत नाही.

यावरून कुमार गंधर्वांनी असा सिद्धान्त मांडला की रागांचा उगम धुनेत आहे. शास्त्र नंतर आले, धून आधी होती. रागाचे आरोह, अवरोह, वादी, संवादी हे नियम म्हणजे आधीच जिवंत असलेल्या एखाद्या चालीचे केलेले वर्णन. हे खरे मानले तर ज्या धुनांचे अजून राग झाले नाहीत, त्यांतून नवे राग निघू शकतात. त्यांनी तसे राग बांधले आणि त्यांना ‘धुनउगम राग’ म्हटले. मालवती, लगनगंधार, संजारी, मधसुरजा, अहिमोहिनी, सहेली तोडी, निंदियारी ही त्यांतली काही नावे. १९६५ मध्ये मौज प्रकाशनाने त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा संग्रह प्रसिद्ध केला. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी ‘गांधी मल्हार’ हा राग बांधला. माळव्याच्या लोकधुनांचा स्वतंत्र कार्यक्रम केला, वर्षा, हेमंत, वसंत या ऋतूंवर गीतमाला रचल्या.

या सिद्धान्तात तत्त्वज्ञानाचा एक मोठा प्रश्न दडला आहे. परंपरेचे प्रमाण कोठे असते? ग्रंथात, गुरूच्या मुखात, की ज्या जीवनातून ग्रंथ आणि गुरू दोन्ही आले त्या जीवनात? मीमांसकांनी वेदशब्दाला अपौरुषेय मानले. म्हणजे तो कोणा एकाने रचलेला नाही, म्हणून प्रमाण आहे. कुमार गंधर्वांची धून एका वेगळ्या अर्थाने अपौरुषेय आहे. तिचा कर्ता कोणाला माहीत नाही, ती कोणाच्या मालकीची नाही आणि म्हणूनच तिला नवे-जुने होण्याचे भय नाही. नवा राग बांधणारा माणूस परंपरेबाहेर जातो, असा सर्वसाधारण समज आहे. इथे नवा राग बांधणारा परंपरेच्या अधिक जुन्या थराकडे गेला आहे. त्यांचा प्रयोग आणि त्यांची परंपरानिष्ठा यांत विरोध नाही, याचे कारण हे.

प्रयोगावरील आक्षेप

पुनरागमनानंतरच्या त्यांच्या गाण्यावर टीका पुष्कळ झाली. विलंबित ख्यालाची पायरीपायरीने होणारी बढत त्यांच्याकडे नाही, ते मध्य लयीत रमतात, स्वरवाक्ये तोकडी आहेत, घराण्याची शिस्त पाळली जात नाही, असे आक्षेप घेतले गेले. काहींनी सारे खापर फुप्फुसावर फोडले. दमसास नाही म्हणून वाक्ये आखूड झाली, असे त्यांचे म्हणणे.

देहाच्या मर्यादेचा परिणाम गाण्यावर झाला नाही, असे म्हणता येणार नाही. पण मर्यादा ही शैलीचे कारण असू शकते, अर्थ नव्हे. दमसास कमी असलेले गायक अनेक होऊन गेले. त्या सर्वांची वाक्ये कुमार गंधर्वांसारखी झाली नाहीत. ठरलेल्या क्रमाने राग भरत जाण्यापेक्षा बंदिशीच्या शब्दांत आणि स्वरांत रागाचे जे एक विशिष्ट रूप आहे ते दाखवणे, हा त्यांचा विचार होता. एकाच रागाच्या दोन बंदिशी त्यांच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू होत्या. म्हणून बढतीचा एकच आराखडा दोहोंना लावणे त्यांना पटत नव्हते. ग्वाल्हेरच्या जुन्या बंदिशींवर त्यांचे प्रेम होते आणि त्या ते मनापासून गात. घराण्याचा त्यांनी अव्हेर केला तो सवयीच्या अर्थाने.

‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा त्यांचा कार्यक्रम या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. बालगंधर्वांच्या गाण्याने मराठी मन भारलेले होते आणि त्यांची नक्कल करणारे पुष्कळ होते. ज्याने बालपणी कोणाचेही गाणे हुबेहूब उचलले, त्याला बालगंधर्वांची नक्कल अवघड नव्हती. ती त्यांनी टाळली. नाट्यपदाची मूळ चाल, बालगंधर्वांनी त्यात भरलेला भाव, लयीशी त्यांचे लडिवाळ नाते हे सारे त्यांनी आपल्या गळ्याच्या धर्माप्रमाणे पुन्हा मांडले. ऐकणाऱ्याला बालगंधर्व दिसतात आणि तरी आवाज कुमार गंधर्वांचाच राहतो. अभिनवगुप्तांनी सांगितलेला अनुकरण आणि अनुकीर्तन यांतला फरक याहून स्पष्ट करून दाखवणे कठीण.

निर्गुणाचा स्वर

इथपर्यंतचा प्रवास दुसऱ्याच्या गाण्याकडून स्वतःच्या गाण्याकडे झाला. बहुतेक कलावंतांची चरित्रे इथे पुरी होतात. निर्गुणी भजनांनी कुमार गंधर्वांना त्याच्या पुढे नेले.

देवासला नाथपंथी योगी शीलनाथ महाराजांची धुनी आहे. माळव्यात गोरखनाथ आणि कबीर यांची भजने गावोगावच्या मंडळ्या तंबूर, मंजिरी, करताल, ढोलकीच्या साथीने रात्रभर गातात. ही परंपरा आजही जिवंत आहे. प्रह्लादसिंह टिपानिया यांच्यासारखे गायक तिच्यातूनच पुढे आले. नाथ जोग्यांकडून आणि या मंडळ्यांकडून कुमार गंधर्वांनी निर्गुणी भजने ऐकली, त्यांची गाण्याची रीत आत्मसात केली आणि मैफलीत आणली. गोरखनाथांच्या नावाचे ‘शून्य गढ शहर’ हे भजन किंवा कबीरांची हंस, गगन, अवधूत यांच्या प्रतिमांची भजने त्यांच्या आवाजात शहरी श्रोत्यांनी प्रथमच अशा रीतीने ऐकली. यांतल्या अनेक भजनांत त्यांच्या दुसऱ्या पत्नी वसुंधरा कोमकली यांचा स्वर त्यांच्या जोडीला असे.

मराठी श्रोत्याला हा धागा परका नाही. ज्ञानदेवांची गुरुपरंपरा मत्स्येंद्रनाथ, गोरखनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी नाथांचीच आहे आणि नामदेवांची हिंदी पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. कुमार गंधर्वांनी तुकाराम, तुलसीदास यांच्यावर स्वतंत्र कार्यक्रम केले आणि ‘त्रिवेणी’त कबीर, सूरदास, मीरा यांना एकत्र आणले. सगुण आणि निर्गुण ही दोन्ही दालने त्यांनी गाऊन पाहिली.

मूळ अडचण अशी. निर्गुण म्हणजे ज्याला रूप, रंग, नाम, गुण नाही ते. गाणे तर गुणांनीच बनते. स्वराला उंची आहे, आवाजाला पोत आहे, लयीला गती आहे, शब्दाला अर्थ आहे. मग गुणांच्या साधनाने निर्गुणाकडे बोट कसे दाखवायचे? शार्ङ्गदेवाने नादाचे दोन प्रकार केले आहेत, आहत आणि अनाहत. आघातातून निघतो तो आहत, आघाताविना आहे तो अनाहत. अनाहत नादाची उपासना मुनी गुरूने दाखवलेल्या मार्गाने करतात आणि तो मुक्ती देणारा आहे. पण तो लोकांचे रंजन करीत नाही. म्हणून संगीताचे शास्त्र आहत नादाविषयी सांगते. शार्ङ्गदेवाने या दोहोंत एक रेघ आखली. योग्यांचा नाद एकीकडे, गवयांचा दुसरीकडे. हठयोगाच्या साधनेतही बाहेरचा ध्वनी मागे टाकून आतला सूक्ष्म नाद ऐकणे सांगितले आहे. निर्गुणी भजनांचा विषय तोच आतला नाद आहे. म्हणजे आहत नादाने अनाहताचे वर्णन करायचे, असे हे काम आहे.

कुमार गंधर्वांच्या गायनात या अडचणीचे उत्तर प्रत्यक्ष ऐकता येते. त्यांच्या निर्गुणी भजनात आलंकारिक सजावट थोडी आहे. मुरक्या, खटके, लाडिक जागा यांना जवळजवळ रजा दिलेली असते. ख्यालात त्यांना या गोष्टी येत नव्हत्या असे नाही. चाल लोकधुनेसारखी थोड्या स्वरांची आणि पुनरावृत्तीची ठेवलेली असते. स्वर एकदम तार सप्तकात, धारदार आणि सरळ फेकला जातो, कोणाला जवळ बोलावण्याचा भाव त्यात नसतो. पुढच्याच क्षणी आवाज अगदी बारीक होतो किंवा थांबतो. त्या थांब्यात तंबोरे तेवढे वाजत राहतात आणि श्रोत्याचे लक्ष गायकावरून हटून त्या सलग नादावर जाते. स्वर इतका उघडा असतो की त्यामागे कोणी उभा राहून स्वतःला दाखवतो आहे, असे वाटत नाही.

गुण टाळून निर्गुण दाखवता येत नाही, कारण गुण पूर्ण टाळले तर गाणेच उरत नाही. मात्र गुणांवरचा हक्क सोडता येतो. सगुण भक्तीच्या गाण्यात गायक देवाशी नाते जोडतो. तो रुसतो, विनवतो, लाड करतो आणि त्यासाठी त्याला ‘मी’ लागतो. मीरेच्या पदात हा ‘मी’ फार गोड आहे. निर्गुणी भजनात बोलणारा एकटा आहे. त्याला कोणाकडून काही नको. हा एकटेपणा विरहाचा नाही, मुक्ततेचा आहे. गायकाने भजनात भावना ओतली की ते सगुण होते. भावना काढून घेतली आणि बाकी काही ठेवले नाही तर ते कोरडे होते. या दोहोंमधली वाट अरुंद आहे. तिथे आवाज पूर्ण ताकदीने असतो आणि त्यात स्वतःसाठी काही मागितलेले नसते.

नाथांचे मूळ गाणे साधनेचे आहे. ते तिकिटाच्या मैफलीत, हार्मोनियम-तबल्याच्या साथीने, रसिकांच्या टाळ्यांत आले की त्याचे निर्गुणत्व कितपत उरते, अशी शंका येऊ शकते. ती रास्त आहे. कुमार गंधर्वांनी स्वतःला योगी म्हणून मांडले नाही. ते गायक होते आणि त्यांचे काम रंजनाच्या क्षेत्रातले, म्हणजे शार्ङ्गदेवाच्या रेघेच्या गवयांकडच्या बाजूचे होते. ती रेघ त्यांनी पुसली नाही. तिच्या अलीकडे उभे राहून पलीकडचे दिसते का, हे त्यांनी पाहिले, आणि गाण्याने मुक्ती मिळते असा दावा कधी केला नाही. कला मोक्षाचे साधन आहे की केवळ त्याची खूण, या वादात त्यांचे गाणे दुसऱ्या बाजूचा बळकट पुरावा आहे. खूणही सर्वांना करता येत नाही, आणि ती खरी असेल तर ऐकणाऱ्याला दिशा कळते.

तीन उत्तरे

१९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव झाला. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले. मुकुल शिवपुत्र आणि कलापिनी कोमकली ही त्यांची मुले व सत्यशील देशपांडे यांच्यासारखे शिष्य यांनी त्यांचा विचार पुढे नेला. लिंडा हेस यांनी त्यांच्या कबीरगायनावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि जब्बार पटेल यांनी ‘हंस अकेला’ हा माहितीपट केला.

गाणे कोणाचे, या प्रश्नाला त्यांच्या आयुष्याने क्रमाक्रमाने तीन उत्तरे दिली. बालपणी गाणे दुसऱ्याचे होते आणि त्यात कौशल्य पूर्ण होते. मधल्या काळात ते स्वतःचे झाले, कारण त्यांनी ते मुळापासून, धुनेपासून पुन्हा उभे केले. निर्गुणी भजनात ते स्वतःचेही राहिले नाही. पहिले आणि तिसरे उत्तर वरवर सारखे दिसते, कारण दोन्हींत गायकाचा ‘मी’ नाही. त्यांतला फरक मोलाचा आहे. मुलाचा ‘मी’ अजून घडलेला नव्हता. प्रौढ गायकाने तो घडवला आणि मग बाजूला ठेवला. जे हाती नाही त्याचा त्याग होत नाही. म्हणून निर्गुणापर्यंत जाण्यासाठी मधला टप्पा, स्वतःचा सूर सापडण्याचा, वगळता येत नाही. कलेतल्या प्रयोगाची गरज इथून सिद्ध होते. परंपरेला नवेपणा हवा म्हणून प्रयोग करायचा नसतो. मिळालेले गाणे अनुभवाच्या कसोटीवर घासून आपले करण्याचा तो मार्ग आहे, आणि आपले झालेलेच पुढे सर्वांच्या स्वाधीन करता येते.